सात वर्षं, पण कुठून मोजायची?

एखाद्या कंपनीनं नवा फोन आणताना ‘सात वर्षं अपडेट’ असं जाहीर केलं की आपल्याकडे एक ठरावीक वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, कंपन्या मुद्दाम जुने फोन मारतात, तेव्हा सात काय, दहा वर्षं सक्तीची करा. दुसरा म्हणतो, सात वर्षं एक फोन वापरतो कोण? दोन-तीन वर्षांत बॅटरी मान टाकते, काच तडकते आणि फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये जातोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलनं पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचा शब्द दिला, तेव्हापासून हा सामना अधूनमधून रंगतो आणि दरवेळी बरोबरीत सुटतो. दोन्ही बाजू नुसत्या आकड्यावर भांडतात, मग दुसरं काय होणार? हा आकडा कोणत्या दिवसापासून मोजायचा, कोणत्या अपडेटबद्दल आपण बोलतोय आणि कोणत्या किमतीच्या फोनला तो लागू, हे ठरल्याशिवाय सात म्हणा की चार म्हणा, ग्राहकाच्या हाती फारसं काही पडत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कंपनीनं एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात सोडला त्या दिवसापासून किमान पाच वर्षं सुरक्षेची अपडेट्स मिळाली पाहिजेत, ती सगळ्यात स्वस्त फोनलाही मिळाली पाहिजेत, आणि ती कधी बंद होणार ती तारीख खोक्यावर छापलेली असली पाहिजे. नवे आयकॉन, नवी रंगसंगती, फोटोतली नको असलेली माणसं पुसून टाकणारी एआयची जादू, हे द्यावं की न द्यावं ही कंपनीची मर्जी. त्यासाठी कायद्याची काठी उगारायचं कारण नाही.

मोजणीची सुरुवात इतकी महत्त्वाची का, हे कुठल्याही मोबाइलच्या दुकानात कळतं. फोन लाँच झाल्या आठवड्यात घेणारे हौशी थोडेच. बाकीचे किंमत उतरायची वाट बघतात, म्हणजे वर्ष-दीड वर्षानं, ‘मागच्या सालचं मॉडेल, पण बेस्ट आहे’ या शिफारशीवर घेतात. कंपनीची घड्याळं मात्र बहुतेक वेळा लाँचच्या दिवशीच सुरू झालेली असतात. तीन वर्षांचा शब्द असलेला फोन बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर घेतला, तर ग्राहकाच्या पदरात एक वर्ष पडतं. हप्ते त्याच्या आगेमागेच फिटतात. आणि हे त्याला सांगतं कोण? काउंटरवरचा मुलगा रॅम, मेगापिक्सेल, चार्जर किती वॅटचा, हे एका दमात म्हणून दाखवतो. अपडेट कधीपर्यंत येणार असं विचारलं की ‘येत राहतात ना सर’ एवढंच. त्याचा दोष नाही. त्याच्यासमोरच्या खोक्यावरही ते लिहिलेलं नसतं.

शिवाय आपल्याकडे फोनला दुसरा जन्म असतो. मुलगा नवा घेतो, जुना आईकडे जातो, तिथून कामाला येणाऱ्या बाईंकडे किंवा गावाकडच्या पुतण्याकडे. ‘सात वर्षं वापरतो कोण’ हा प्रश्न ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन परवडतो त्याचा आहे. तो माणूस फोन सात वर्षं वापरत नाही हे खरंच; पण फोन सात वर्षं वापरला जातो. माझ्या मावशीकडे असाच मुलाकडून आलेला फोन आहे. भाजीवाल्याला पैसे देणं, गॅसचा नंबर लावणं, पेन्शन जमा झाली का बघणं, सगळं त्याच्यावर. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं तर सिक्युरिटी पॅचसमोर, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीसमोर, २०२१ सालातला महिना दिसतो. त्याहून मासलेवाईक गोष्ट पुढे आहे. ‘चेक फॉर अपडेट’ दाबलं की चाक जरा गरगरतं आणि हिरवी टिक येते: ‘युअर सिस्टीम इज अप टू डेट’. कंपनीनं अपडेट पाठवणंच थांबवलंय, त्यामुळे नवं काही नाही, त्यामुळे सगळं अद्ययावत! इतकं निगरगट्ट वाक्य सरकारी कचेरीतही सापडायचं नाही. ज्या फोनला आता काहीच मिळणार नाही, त्यानं निदान तसं स्पष्ट सांगावं, एवढी अपेक्षा अवाजवी आहे का?

या बाबतीत युरोपीय संघानं घड्याळ योग्य जागी लावलंय. २० जून २०२५ पासून तिथं लागू झालेल्या नियमांत अपडेटची पाच वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आणणं थांबवल्याच्या तारखेपासून. सुट्या भागांसाठी सात वर्षं वेगळी, आणि बॅटरीनं आठशे वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के तरी राखली पाहिजे अशी अट. म्हणजे ‘बॅटरीच मरते, मग अपडेट घेऊन करायचंय काय’ या युक्तिवादाची सोय तिथंच लावलेली. पण कायदा लिहिणाऱ्यांनी एक खिडकी उघडी ठेवली. मजकुरात कंपन्यांनी ‘जर अपडेट दिली तर’ ती पाच वर्षं मोफत द्यावीत अशी शब्दरचना आहे. हा ‘जर’ एखादा हुशार वकील कुठं नेऊन ठेवील हे सांगायला नको. ब्रिटनची वाट वेगळी: एप्रिल २०२४ पासून तिथं कंपनीला सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळणार हे जाहीर करावं लागतं, किती द्यायची याचं बंधन मात्र नाही. आपल्याला दोन्हींतलं चांगलं उचलता येईल.

आता विरोधी बाजूचं ऐकू. तिचा सगळ्यात वजनदार मुद्दा माझ्या मते खर्चाचा नाहीच. तो असा: आपल्याकडे लोकांचे पैसे सॉफ्टवेअरच्या भोकांतून जात नाहीत, भीतीतून आणि भाबडेपणातून जातात. ‘डिजिटल अरेस्ट’चा व्हिडिओ कॉल, आज रात्री वीज तोडणार असा मेसेज, व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकणारी फाइल. ज्यानं स्वतःहून ओटीपी सांगितला त्याला कुठलं अपडेट वाचवणार? हे बरंचसं खरं आहे आणि ते नाकारून अपडेटची बाजू मांडणारे आपलीच बाजू लंगडी करतात. घातक अॅप हुडकणारा गुगलचा प्ले प्रोटेक्टसारखा पहारेकरी जुन्या फोनवरही बराच काळ काम करत राहतो, हेही मान्य केलं पाहिजे.

पण त्या लग्नपत्रिकेच्या फाइलकडे जरा नीट बघा. ती उघडल्यावर चोराला काय हवं असतं? ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी, म्हणजे पडद्यावर जे दिसतंय ते वाचायचा आणि तुमच्या वतीनं बटणं दाबायचा अधिकार. ही सोय मुळात अंध किंवा अपंग वापरकर्त्यांसाठी केलेली. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ नं बाहेरून टाकलेल्या अॅपला ही परवानगी आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहजासहजी मिळणार नाही अशी आडकाठी घातली. पुरतं थांबवणारी नव्हे, पण भाबड्या माणसाला दोन पावलं आधी अडवणारी. जो फोन त्याआधीच्या आवृत्तीवर थांबला त्याच्या मालकाला ती आडकाठी मिळालीच नाही. माणसाची चूक आणि यंत्राचं भोक हे दोन वेगळे कप्पे नाहीत. चांगलं सॉफ्टवेअर चुकीची किंमत कमी करतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात तेच हवं असतं.

मग सुरक्षा आणि नव्या आवृत्त्या वेगळ्या काढायच्या म्हणणारा मी इथं आवृत्तीचाच दाखला देतोय, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. काही संरक्षणं नव्या आवृत्तीसोबतच येतात. म्हणून सुरक्षेचं अपडेट कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवताना अशा आडकाठ्या त्यात धरल्या पाहिजेत, आयकॉन नकोत. व्याख्या कटकटीची होईल. होऊ दे. कंपनीच्या जाहिरात विभागाला ती ठरवू देण्यापेक्षा कटकट बरी.

अपडेट थांबलेल्या फोनची आणखी एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधलं ‘स्टेजफ्राइट’ हे भोक उघडकीला आलं. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येण्याजोगं. त्याचा इतका गवगवा झाला की पुढच्याच महिन्यापासून गुगलनं सापडलेल्या दोषांची यादी दरमहा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पद्धत उत्तमच, पण यादी चोरही वाचतात. ज्या फोनला दुरुस्ती पोहोचली तो सुरक्षित, आणि ज्याला कधीच पोहोचणार नाही त्याच्या कुलपाची किल्ली दर महिन्याला चव्हाट्यावर टांगली जाते. जुना फोन होता तसाच राहतो हा समज म्हणूनच चुकीचा. तो एका जागी उभा असला तरी त्याच्याभोवतीचं जग त्याच्याबद्दल रोज जास्त जाणत असतं.

हे सारं कल्पनेतलं वाटत असेल तर २०१७ सालचा उन्हाळा आठवा. मे महिन्यात विंडोजमधल्या एका भोकातून शिरणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसनं ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांपासून आंध्र प्रदेशातल्या पोलिसांच्या संगणकांपर्यंत हाहाकार उडवला. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची साथ एप्रिल २०१४ मध्येच सोडली होती. तरीही दुसऱ्या दिवशी एक्सपीसाठी पॅच सगळ्यांना खुला केला. इतक्या तातडीनं कसा? कारण जादा पैसे मोजणाऱ्या बड्या ग्राहकांसाठी एक्सपीचे पॅच बनतच होते. दुरुस्ती शक्य होती, फक्त ती सगळ्यांसाठी नव्हती. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्या हल्ल्यात अडकलेले बहुतांश संगणक विंडोज ७ चे होते, ज्यांना मार्चमध्येच पॅच मिळालेला होता आणि तो कुणी टाकलाच नव्हता. जूनच्या अखेरीला त्याच भोकाचा फायदा घेत ‘नॉटपेट्या’ आला आणि जागतिक जहाज कंपनी मर्स्कची यंत्रणा कोलमडली. तिचा फटका थेट न्हावा-शेवाला बसला. तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. गंमत म्हणजे हा व्हायरस युक्रेनमध्ये पसरला तो हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. अपडेट म्हणजे गंगाजळ नव्हे, हे कबूल.

इथून दुसरा मोठा आक्षेप येतो: लोकांनाच अपडेट नको असतात. ‘केलं आणि फोन हँग व्हायला लागला’, ‘केलं आणि पडद्यावर हिरवी रेघ आली’ हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतं. ही भीती अडाण्यांची म्हणून झटकून टाकता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलनं मान्य केलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. पण ग्राहकाला सांगितलं नव्हतं. फ्रान्सनं त्याबद्दल २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीनं अॅपल आणि सॅमसंग दोघांनाही अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल दंड ठोठावला होता. तेव्हा अपडेटची सक्ती मागताना आपण कंपनीच्या हातात फोन मंदावण्याचं हत्यार तर देत नाही ना, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचं उत्तर अॅपलनंच देऊन ठेवलंय. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एस ला आयओएस १३ ही आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधीच मिळाली नाही; तो १२ वर थांबला. पण त्याच १२ वर जानेवारी २०२३ पर्यंत अधूनमधून सुरक्षेचे पॅच येत राहिले. नवं ओझं नाही, नुसती डागडुजी. नऊ वर्षांनंतरही हे करता येतं. मात्र हे अॅपलनं आपल्या खुशीनं केलं; लेखी शब्द म्हणून ब्रिटनमध्ये तिनं आयफोन १५ साठी किमान पाच वर्षंच सांगितली. चांगला सावकार व्याज सोडतो म्हणून कुणी कागद न करता कर्ज घेत नाही.

खर्चाचा मुद्दा मी शेवटी घेतोय कारण तो जितक्या जोरात मांडला जातो तितका जड नाही. साखळी लांब आहे हे खरं. गुगल दुरुस्ती करतो, मग ती चिप बनवणाऱ्याच्या ड्रायव्हरांशी, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, जुळवावी लागते, मग फोनवाली कंपनी आपल्या मॉडेलवर चाचणी करते. चिपवाल्यानं हात वर केले की फोनवाल्याचे हात बांधले जातात. वर्षानुवर्षं हीच सबब ऐकली. पण २०१७ मध्ये गुगलनं ‘ट्रेबल’ या रचनेतून चिपवाल्याचा भाग अँड्रॉइडपासून अलग करायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये चिप बनवणाऱ्या क्वालकॉमनं गुगलबरोबर आठ वर्षांपर्यंत साथ द्यायची तयारी जाहीर केली, अर्थात महागड्या चिपपासून. नेदरलँड्सच्या फेअरफोनचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. २०१५ च्या फेअरफोन २ चा हात चिपवाल्यानं सोडल्यावरही त्या चिमुकल्या कंपनीनं तो २०२३ पर्यंत चालता ठेवला. अडीच माणसांची कंपनी करू शकते ते कोट्यवधी फोन विकणाऱ्यांना झेपत नाही?

‘स्वस्त फोनला परवडत नाही’ हेही तपासून बघू. सॅमसंगनं २०२४ च्या ऑक्टोबरात भारतात वीस हजारांच्या आतला गॅलेक्सी ए१६ आणला, तो सहा वर्षांच्या शब्दासह. म्हणजे एकीला परवडतं. इतरांना परवडत नसेल तर त्याचं एक कारण त्यांनी स्वतःच निर्माण केलंय: मॉडेलांची खोगीरभरती. एकच फोन, ऑनलाइनसाठी एका अक्षराचा, दुकानासाठी दुसऱ्या अक्षराचा, कॅमेऱ्याचं कडं बदलून तिसऱ्या नावाचा. प्रत्येक नावाची चाचणी वेगळी. पाच वर्षांची जबाबदारी गळ्यात पडली तर ही पिलावळ आपोआप आटोक्यात येईल, आणि ग्राहकाचं त्यात काडीचंही नुकसान नाही. फोन काही शे रुपयांनी महाग होईल का? होईल कदाचित. पण तो खर्च आज नाही असं थोडंच आहे? धडधाकट फोनवर बँकेचं अॅप ‘तुमची आवृत्ती जुनी आहे’ म्हणून उघडायचं नाकारतं, तेव्हा गरीब ग्राहक तोच खर्च नव्या फोनच्या रूपानं एकरकमी भरतो.

तंत्रज्ञ मित्रांचा एक तोडगा असतो: कंपनीला जमत नसेल तर तिनं कुलूप उघडावं, पुढचं लोक बघून घेतील. मला हा विचार मनापासून आवडतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीकडे बघा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानं ती गाडी बनवणं थांबवल्यावरही ती वीसेक वर्षं धावली, कारण गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीला तिचं पोट उघडता येत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली ती टॅक्सींसाठी सरकारनं जाहीरपणे ठरवलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. तिचं मरण कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवरून आलं नाही. फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं हे ठरवणारं कुलूप, मात्र कंपनीच्या मुठीत. साथ संपली की तो उघडून द्यायची सक्ती जरूर व्हावी. पोरं त्यात लिनिएजओएस ही अँड्रॉइडची लोकांनी चालवलेली मोफत आवृत्ती टाकतील, जुन्या फोनचा कॅमेरा, रेडिओ, शेतातल्या मोटरीचा रिमोट करतील. पण मावशीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. कुलूप उघडलेला फोन गुगलच्या तपासणीत नापास होतो आणि बँकांची पुष्कळ अॅप्स त्यावर चालायला नकार देतात. गल्लीतल्या मिस्त्रीनं दुरुस्त केलेली गाडी टोलनाक्यावर कुणी अडवत नसे. त्यामुळे कुलूप उघडणं ही पुढची पायरी. कंपनीची जबाबदारी तिथं संपत नाही.

राहता राहिलं खोकं. छापील चिठ्ठीनं काय होतं असं वाटत असेल तर फ्रिजच्या दारावरचे तारे आठवा. बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, ती चिठ्ठी २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून आली, २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीला सक्तीची झाली. आज ‘किती स्टार आहे’ हा प्रश्न न विचारता एसी घेणारा माणूस सापडणं कठीण, आणि विजेचं गणित येत नसलेल्यालाही तारे मोजता येतात. तारीख तर त्याहून सोपी.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. फोन आणि टॅब्लेट किती दुरुस्तीयोग्य आहेत याचा निर्देशांक ठरवायला २०२४ मध्ये दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे, ही चांगली गोष्ट. पण तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, हत्यारं, स्क्रू यांच्या रांगेत बसवलाय. स्क्रू सुटे मिळतात म्हणून चार गुण आणि अपडेट दोनच वर्षं म्हणून दोन गुण कमी, अशी सरासरी निघाली तर फोन उत्तीर्ण होईल आणि ग्राहकाला काहीच कळणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ संपली तेव्हा ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर युरोपातल्या वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटच्या जादा वर्षासाठी इतरांपेक्षा सोप्या अटी मिळाल्या. असा दबाव आणू शकणारी ग्राहक पंचायतीची चळवळ आपल्याकडे १९७४ मध्ये पुण्यात सुरू झाली, मुंबई ग्राहक पंचायत पुढच्याच वर्षी. डाळ-तांदळाच्या वजनापासून बिल्डरांच्या करारांपर्यंत त्यांनी हात घातलाय. निर्देशांकाचे नियम पक्के होण्याआधी त्यांनी एवढी एकच मागणी लावून धरावी: अपडेट बंद होण्याचा महिना आणि वर्ष गुणांत न मिसळता एमआरपीच्या शेजारी, एमआरपीएवढ्याच टायपात.